टेप काढून टाका म्हणणाऱ्यांस

मोटारीतला जुना टेप उखडून काढावा आणि त्याच्या जागी ताटाएवढा काचेचा पडदा बसवावा, असा एक नवा धर्म अलीकडे निघाला आहे. या धर्माला देव नाही, पोथी नाही. पुजारी मात्र गावोगाव आहेत. दसऱ्याच्या सुमारास गाडी धुऊन, पुसून, तिला झेंडूचा हार घालून तुम्ही त्यांच्या दारी नेलीत, की ते खिडकीतून आत डोकावतात, कॅसेटच्या फटीकडे पाहतात आणि विमानात कोणी कंदील घेऊन चढला असावा तसे हसतात. मग मंत्र सुरू होतो. "काका, कशाला ठेवायलाव हे? काढून टाका. ह्याला आता मोबाइल जोडता येत नाही."

जोडता येत नाही! या तीन शब्दांशी आमचे भांडण आहे. पडदा विकणे हा त्यांचा धंदा आहे, तो त्यांनी खुशाल करावा. ज्यांना पडदा हवा त्यांनी तो घ्यावा, त्यावर फुलपाखरे उडवावीत, आमचे काही म्हणणे नाही. पण ज्या माणसाला आपला चालता टेप ठेवायचा आहे आणि त्यातूनच खिशातल्या फोनवरचे गाणे ऐकायचे आहे, त्याला 'ते होतच नाही' असे सांगणे हे असत्य आहे. आणि ते असत्य आता इतक्या बिनदिक्कतपणे बोलले जाते, की बोलणाऱ्यालाही ते खरे वाटू लागले आहे. विकणारा ग्राहकाला फसवतो तेव्हा एकाचेच नुकसान होते. पण कारागीर स्वतःच फसतो तेव्हा एक विद्याच गावातून जाते.

आता हे सारे मुदखेडात बसून लिहिताना आम्हांला अंमळ अधिकच राग येतो, त्याचे कारण आहे. मुदखेड दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक येथली फुले, आणि दुसरे येथले जंक्शन. परभणी-नांदेडकडून आलेला लोहमार्ग येथून निजामाबाद-सिकंदराबादकडे जातो आणि येथूनच एक फाटा भोकर, किनवटवरून आदिलाबादला निघतो. म्हणजे ज्या गावाचा नावलौकिकच 'जोडणे' या क्रियापदावर उभा आहे, त्या गावच्या माणसाला बाजारात गेल्यावर 'जोडता येत नाही' असे ऐकावे लागते. यावर कोणी पंडित म्हणेल, की अहो, निजामाच्या काळी हा मार्ग मीटर गेजचा होता, तो पुढे उखडून ब्रॉड गेज केलाच ना? केला. पण रूळ रुंद केले म्हणून कोणी स्टेशन हलवले नाही, आणि मुदखेडचे तिकीट मागणाऱ्याला 'ते गाव आता जुने झाले, पुढच्या गावचे घ्या' असे तिकीटबाबूने सांगितले नाही. नवी गाडी जुन्या स्टेशनात आणून उभी केली. आमची मागणी यापेक्षा एका तसूनेही अधिक नाही.

मुळात हा टेप म्हणजे काय, हे जरा आठवून पाहावे. मोटारीत संगीत आले ते रेडिओच्या रूपाने. अमेरिकेत गाल्व्हिन बंधूंनी १९३० साली 'मोटोरोला' या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला; जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ साली आपला आणला. १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्सने छोटी कॅसेट मांडली, आणि पाच वर्षांत, १९६८ साली, ती मोटारीत वाजू लागली. पाश्चात्य देशांत हा श्रीमंतांचा शौक होता. आपल्याकडे कॅसेटने जे केले ते निराळेच होते. तबकडीच्या काळात कोणाचे गाणे मुद्रित व्हावे हे एक-दोन बड्या कंपन्या ठरवीत. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि हा कारभार मोडला. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीते, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, वामनदादा कर्डकांच्या रचना, भीमगीते, कव्वाल्या, भारुडे, लग्नातली गाणी हे सारे खेड्यापाड्यांत पोचले ते कॅसेटच्या पाठीवर बसून. आणि मराठवाड्यात ती कॅसेट वाजली कोठे? दिवाणखान्यांत थोडी, काळी-पिवळी जीप, ट्रक आणि टेम्पो यांत फार. ज्यांच्या घरी विजेचा भरवसा नव्हता त्यांनी संगीत ऐकले ते मोटारीच्या बॅटरीवर. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा माणसे बसलेली, टपावर टोपल्या, आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ टेप. आमच्या भागातील कितीतरी लोकांचे हेच पहिले संगीतगृह होते.

तेव्हा 'डबा' म्हणून ज्याची संभावना होते त्याचे कुळ असे आहे. हैदराबाद संस्थानात वाढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना तर यंत्रातून येणाऱ्या आवाजाचे मोल निराळे सांगावेच लागत नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धबंदी जाहीर केली ती हैदराबादच्या रेडिओवरून. पुढची कित्येक वर्षे घरी रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीत पैसे भरून परवाना काढावा लागे. त्या लोकांनी रेडिओवर शिवलेला कापडी बुरखा चढवला, त्याची घडी केली, त्याला जपले. आम्ही त्यांचे वंशज, आणि आम्ही चालता टेप भंगाराच्या गाड्यावर टाकतो. वर तो आपण होऊन काढून दिल्याबद्दल दुकानदाराचे आभार मानतो.

असो. आता मुद्द्याकडे येऊ. जुन्या टेपाला नवे यंत्र कसे जोडावे? विरोधकांचे म्हणणे 'येत नाही' असे असल्यामुळे आम्हांला ते कसे येते हे सांगितलेच पाहिजे. नुसत्या हळहळीने वाद जिंकता येत नाही.

सर्वांत सोपी युक्ती म्हणजे कॅसेटच्या आकाराची ती बनावट कॅसेट, जिच्या पोटातून एक बारीक वायर बाहेर येते. तिच्यात फीत नसते. असते ती फक्त एक चिमुकली गुंडाळी, टेपच्या हेडासमोर बरोबर येईल अशी बसवलेली. खऱ्या कॅसेटमध्ये फितीवरचे चुंबकीय चढउतार हेडासमोरून सरकतात आणि हेड त्यांचे विजेत रूपांतर करते. येथे फोनमधून आलेली वीज त्या गुंडाळीत तसेच चढउतार उत्पन्न करते. हेडाला बिचाऱ्याला फरक कळत नाही. आत दोन-तीन दातेरी चक्रे उगीच फिरत राहतात, ती अशासाठी की कॅसेट चालू आहे असे टेपाला वाटावे. नाहीतर काही टेप 'फीत संपली' असे समजून कॅसेट थुंकून देतात. हलकी चक्रे खडखड करतात, दोन्ही बाजू आपोआप उलटणाऱ्या टेपात ती कधी गोंधळतात, हेही खरे. पण हेड स्पिरिटने पुसून घेतले, आणि बरी कॅसेट निवडली, तर दोन-चारशे रुपयांच्या आत काम होते आणि गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. ज्याला ही वस्तू ठाऊक आहे आणि तरीही जो 'जोडता येत नाही' म्हणतो, त्याला काय म्हणावे हे दिवाळीचे दिवस असल्यामुळे आम्ही लिहीत नाही.

दुसरी युक्ती कारागिराची आहे, आणि आमचे सारे प्रेम तिच्यावर आहे. टेप खोलायचा, व्हॉल्यूम कंट्रोलपर्यंत जायचे, आणि टेप-रेडिओचा आवाज ज्या ठिकाणी त्या व्हॉल्यूमला येऊन मिळतो तेथे बाहेरच्या आवाजासाठी दोन डाग द्यायचे, डाव्या बाजूचा एक आणि उजव्या बाजूचा एक, शिवाय अर्थिंग. मध्ये एक लहानसा स्विच ठेवायचा, म्हणजे टेप आणि फोन एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत. एका वेळी एकच बोलेल. मालिकेत एकेक कंडेन्सर टाकायचा, म्हणजे आतली बॅटरीची वीज बाहेरच्या यंत्रात घुसणार नाही. झाले! जन्मतः ज्या टेपाला कान नव्हता त्याला कान फुटला. मात्र येथे अर्धवट मिस्त्री घोटाळा करतो. तो थेट हेडाच्या वायरीलाच फोन जोडतो. हेडातून येणारी वीज मिलिव्होल्टच्याही अंशाइतकी क्षीण असते. तिला मोठी करण्यासाठी पुढे जो पहिला वर्धक बसवलेला असतो त्याच्या तोंडात फोनचा भरगच्च आवाज ओतला, की गाणे फाटून त्याच्या चिंध्या होतात. मग मिस्त्री हात झटकून म्हणतो, "बघा, म्हणलो नव्हतो का?" दोष टेपाचा नसतो. डाग कोठे द्यावा हे न शिकवणाऱ्यांचा असतो.

त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला काय लावायचे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. फोनची वायर लावा. नाहीतर शे-दोनशे रुपयांना मिळणारी ब्लूटूथची चिमुकली पट्टी आत बसवून टाका, म्हणजे बाहेरून काही दिसणारसुद्धा नाही. फक्त तिला बॅटरीची वीज थेट देऊ नये. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर चौदा व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि ही पट्टी बहुधा पाच व्होल्टची असते. मध्ये दाब उतरवणारे यंत्र आणि एक फ्यूज हवाच. ज्या ब्लूटूथचे नाव घेऊन हे पुजारी जुना टेप उखडायला निघतात ते नाव कोणाचे, हे त्यांना ठाऊक नसावे. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा हाराल्ड ब्लूटूथ हा राजा विखुरलेल्या टोळ्या एकत्र जोडण्याबद्दल प्रसिद्ध होता, म्हणून हे नाव दिले गेले. जोडणाऱ्याच्या नावाने तोडणे चालले आहे.

काही टेपांच्या पाठीमागे आणखी एक तोंड असते. पूर्वी डिकीत सीडींची पेटी बसवीत, तिच्यासाठी ते ठेवलेले असे. तेथूनही आवाज आत घालता येतो. पण येथे कंपन्यांची करामत पाहा. सोनीचे तोंड वेगळे, पायोनियरचे वेगळे, केनवूडचे वेगळे, अल्पाइनचे वेगळे; आणि नुसते तोंड जुळून भागत नाही. पलीकडे आपल्याच घराण्यातली पेटी आहे अशी खात्री पटल्याशिवाय टेप ते दार उघडतच नाही. म्हणून लोकांनी अशा डब्या तयार केल्या, की ज्या टेपाला 'मी तुझीच सीडींची पेटी' असे खोटेच सांगतात आणि मागून फोनचे गाणे आत सोडतात. स्वतः पैसे मोजून घेतलेल्या वस्तूशी मालकाला खोटे बोलावे लागते! सोयरिकीतसुद्धा इतकी लबाडी चालत नाही.

आणि आता त्या एफ.एम. ट्रान्समीटरविषयी. सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचे ते बोंडूक फोनचे गाणे एका छोट्या रेडिओ केंद्रासारखे प्रक्षेपित करते आणि टेपातला रेडिओ ते पकडतो. जेथे दुकानदार पडदा विकू शकत नाही तेथे तो हे गळ्यात मारतो. मुदखेडात ते बऱ्यापैकी चालतेही, कारण येथे एफ.एम.च्या पट्टीवर गर्दी नाही. मोजकी केंद्रे सोडली तर काटा बराच वेळ मोकळ्या रानातून जातो. पण झेंडूचे क्रेट भरून हीच गाडी रात्री हैदराबादेस निघाली, की शहर जवळ येता येता गाण्यावर जाहिराती चढू लागतात. एफ.एम.चा स्वभावच असा, की दोन लहरी एकाच ठिकाणी आल्या तर रेडिओ बलवान लहरीला धरतो आणि दुबळीला दाबून टाकतो. खेड्यातून शहरात गेलेल्या माणसाचे जे होते तेच त्या गाण्याचे होते. ही युक्ती अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या टेपात कॅसेटही नाही आणि खोलायलाही कोणी नाही, तेथे ती चालवून घ्यावी. पण ही शेवटची पायरी आहे, आणि दुकानात ती पहिली म्हणून दाखवली जाते.

आणखी एका तक्रारीचा निकाल येथेच लावतो, कारण तिचा आधार घेऊन बरेच टेप फाशी गेले आहेत. फोन जोडला की स्पीकरमधून शिट्टी येते, अॅक्सिलरेटर दाबला की ती चढते. "टेप गेला," असे निदान होते. टेप गेलेला नसतो. फोन त्याच गाडीच्या भोकातून चार्ज होत असतो आणि त्याच वेळी टेपालाही जोडलेला असतो; अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि इंजिनाच्या अल्टरनेटरची कुरकुर त्या फेऱ्यातून आवाजात शिरते. चार्जरची वायर काढून पाहावी. शिट्टी थांबली तर रोग कळला. दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली एक डबी वायरीत घातली की ती कायमची जाते. पंचाहत्तर टक्के वैद्यकी नाडी पाहण्यातच असते; येथे नाडी न पाहता तिरडी बांधतात.

आता कोणी म्हणेल, एका टेपासाठी एवढा आकांडतांडव कशाला? आमचे उत्तर असे, की भांडण टेपाचे दिसते, पण ते दाराचे आहे. वस्तूला बाहेरून काही जोडण्यासाठी ठेवलेले भोक म्हणजे दार, आणि हे दार कोणाच्या मालकीचे? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बाई जी पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घालीत, ती एकोणिसाव्या शतकातली. तिचेच धाकटे भावंड म्हणजे साडेतीन मिलिमीटरची पिन. ट्रान्झिस्टरला तीच, १९७९ च्या वॉकमनला तीच, संगणकाला तीच, मोबाइलला तीच. ती कोणा एका कंपनीची नव्हती. तिच्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. गावच्या पाणवठ्यासारखी ती होती. २०१६ साली अॅपलने आपल्या आयफोन ७ मधून ती काढून टाकली. आधी टिंगल करणाऱ्या इतर पुष्कळ कंपन्या थोड्याच दिवसांत त्याच वाटेने गेल्या. कारणे अनेक सांगितली गेली, जागा वाचते, पाणी शिरत नाही. असतील खरी. पण परिणाम असा झाला, की फोनच्या बाजूने पाणवठा बुजला, आणि टेपच्या बाजूने 'जोडता येत नाही' म्हणणारा उभाच होता. मध्ये ग्राहक.

मोटारीच्या बाजूलाही हेच झाले. जुन्या टेपाची खाच जर्मन मापाची, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. हे माप पुढे जगाने मानले. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा टेप कोणत्याही मोटारीत बसे. मारुती ८०० असो की परदेशी गाडी, खाच तीच. नव्या मोटारींत टेप म्हणून वेगळी वस्तूच उरलेली नाही. आवाज, घड्याळ, मागचा कॅमेरा, काहींत तर वातानुकूलनसुद्धा त्या एकाच पडद्यात कोंबलेले. तो बिघडला की सारेच मुके. आणि काही टेपांना तर चोरीच्या भीतीने आकडी कुलूप घातलेले असते. बॅटरी बदलायला म्हणून वायर काढली, परत जोडली, की टेप मालकालाच गुप्त आकडा विचारतो. आकड्याचे कार्ड पहिल्या मालकापाशी, पहिला मालक लातुरात, आणि लातूरचे ते घर केव्हाच बदललेले. आपल्याच गाडीत आपण चोर!

जगात याविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोटार दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याच प्रश्नावर एक समिती नेमली, शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे धरली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक पोर्टलही उघडले. चांगले झाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि पोर्टलवर कंपनीच्या सेवाकेंद्राचा फोन नंबर मिळाल्याने मुदखेडच्या मिस्त्रीच्या हाती टेपाचा नकाशा पडत नाही. जुन्या रेडिओच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर आतल्या जोडणीचा नकाशा चिकटवलेला सापडे. तो पाहून रेडिओ दुरुस्तीवाल्यांची एक अख्खी पिढी शिकली. आम्हांला तो पुठ्ठा परत हवा आहे.

विरोधकांचे दोन आक्षेप आम्हांला विचारात घेण्यासारखे वाटतात. पहिला सुरक्षिततेचा. गाडी चालवताना लोंबती वायर, मांडीवर फोन, हे धोक्याचे आहे. मान्य. चालत्या गाडीत फोन हाताळणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेही दंडनीय गुन्हा आहे. पण मग हाच न्याय पडद्याला का नाही? टेपाचे बटण अंधारात बोटाला सापडते. नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही. गुळगुळीत काचेवर बटण शोधायचे तर आधी पाहावे लागते. गाणे लावून फोन कप्प्यात टाकावा आणि आवाज टेपाच्या गोल बटणाने कमीजास्त करावा, यापेक्षा सुरक्षित व्यवस्था आम्हांला तरी दिसत नाही. दुसरा आक्षेप आवाजाच्या दर्जाचा. नवा पडदा अधिक स्वच्छ वाजतो, असे म्हणतात. वाजत असेल. पण जुन्या गाडीत खरखर येते ती बहुधा फाटलेल्या स्पीकरच्या कागदातून. पडदा बसवताना दुकानदार स्पीकरही बदलतो आणि सारे श्रेय पडद्याला देतो. आधी नुसते स्पीकर बदलून पाहा.

तिसरा एक आक्षेप आहे, तो कोणी उघड बोलत नाही: शेजाऱ्याच्या गाडीत पडदा आहे. त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

आणि आता जे सर्वांत महत्त्वाचे ते. पडदा बसवला की टेपाबरोबर आणखी काय जाते? घरातल्या कॅसेटी. बाजारातल्या नव्हेत, त्यांतल्या पुष्कळ आज फोनवर मिळतात, काही मिळत नाहीत. आम्ही म्हणतो त्या घरी भरलेल्या. आजीने जात्याची सवय सुटल्यावर नुसतेच बसून म्हटलेल्या ओव्या. गावच्या सप्ताहातले कीर्तन, ज्यात मध्येच कोणाचे तरी मूल रडते. नोकरीसाठी आखाताला गेलेल्या भावाने पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट. पेटीवर गाणी बसवणाऱ्या मास्तरांचा आवाज. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला टेपरेकॉर्डर केव्हाच मोडला. कॅसेट वाजवू शकेल असे घरात उरलेले एकमेव यंत्र आज दारातल्या जुन्या मोटारीत बसलेले आहे. आणि दुकानदार नेमके तेच काढा म्हणतो! सून घरात आली म्हणून कोणी सासूला दाराबाहेर काढीत नाही. निदान काढू नये अशी रीत आहे. फोन जोडलेल्या टेपात दोघीही नांदतात: स्विच एका बाजूला टाकला की फोन, दुसऱ्या बाजूला टाकला की आजी.

याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. व्हॉल्यूम कंट्रोलपाशी कारागिराने जो डाग दिला, त्या ठिकाणाहून आवाज आत जातो तसा बाहेरही काढता येतो. स्विच टेपाकडे ठेवून, हेडातून येऊन पहिल्या वर्धकाने मोठा केलेला आवाज तेथूनच वायरीने लॅपटॉपमध्ये घेता येतो आणि आजीच्या ओव्या उतरवून ठेवता येतात. गाडी दारात उभी करावी, इंजिन बंद ठेवावे म्हणजे अल्टरनेटरची शिट्टी नाही, कॅसेट आधी एकदा पुढे-मागे पळवून मोकळी करावी, फितीवर पांढरी बुरशी दिसली तर घाई करू नये, आणि एका बाजूला अर्धा तास याप्रमाणे निवांत बसावे. नवे जुन्याला जोडण्यासाठी केलेली खटपट जुने नव्यात पोचवण्यासाठी उपयोगी पडते. जो टेप फेकतो तो हा रस्ता दोन्ही दिशांनी बंद करतो. फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झडतो आहे. या कामाला पुढच्या दसऱ्याची वाट पाहण्याइतकी सवड नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या दुकानात टेप काढून मिळतो, त्याच दुकानाने 'जोडून मिळेल' अशी पाटी लावावी आणि त्याची मजुरी उघड सांगावी. आम्ही ती घासाघीस न करता देऊ. कारण पडद्याचे पैसे गावाबाहेर जातात आणि डाग देण्याची मजुरी गावात राहते. आयटीआयतल्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना एक जुना टेप उघडून पुढ्यात द्यावा. व्हॉल्यूम कंट्रोल कोठे आहे हे ज्याला सापडले त्याला उद्याचे पुष्कळ काही सापडेल. आणि पाठीमागचे तोंड कोणते, त्यातली कोणती तार कशाची, हे कंपन्यांनी बंद केलेल्या मालाबद्दल तरी छापून मोकळे करावे. जो टेप आता तुम्ही विकतच नाही, त्याचे गुपित कोणापासून राखता?

ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी निदान एवढे करावे. भाऊबीज आटोपली, फुलांची घाई संपली आणि गाडी एक दिवस मोकळी मिळाली, की स्टेशनाजवळच्या, गल्लीतल्या, बाजारातल्या ज्या म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या दुकानात अजून डागणी गरम होते त्याच्याकडे जावे. सोबत एक चालणारी कॅसेट, दोन जास्तीचे फ्यूज आणि साडेतीन मिलिमीटरची एक वायर न्यावी. हेडाला हात लावू नका, व्हॉल्यूमपाशी जोडा, मध्ये कंडेन्सर टाका, स्विच ठेवा, एवढे सांगावे. बहुधा तो चष्मा कपाळावर सारून म्हणेल, "मले माहीत हाय, बसा." तो म्हणेल तेव्हा बसावे, आणि चहा त्यालाही सांगावा.